तेलाचा दुसरा ताळेबंद

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्याकडच्या पेठांतून वह्यांची पूजा होते. कोऱ्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढायचे, 'शुभ-लाभ' लिहायचे आणि नव्या वर्षाचा हिशेब सुरू करायचा. या रिवाजामागची समजूत अशी, की धंदेवाल्याचा हिशेब चोख असावा आणि वेळ आली तर तो चार माणसांसमोर ठेवता यावा. मात्र वहीत काय लिहायचे नाही, हेही फार पूर्वीपासून ठरून गेलेले आहे. कारखान्याचे पाणी ओढ्यात सोडले, खालच्या गावातली जनावरे त्याला तोंड लावीनाशी झाली, दोन विहिरी बाद झाल्या. यातले काहीही वहीत चढत नाही. खर्च होतो खरा, पण तो दुसऱ्याच कोणाच्या तरी नावे पडतो.

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात जगातल्या बड्या तेलकंपन्यांनी हा वहीबाहेरचा खर्च मांडण्यासाठी दुसरी वही उघडली. नफ्यातोट्याच्या वार्षिक अहवालाबरोबर 'सामाजिक आणि पर्यावरणीय अहवाल' निघू लागला. पुढे त्याचे नाव बदलून 'शाश्वतता अहवाल' झाले. गुळगुळीत कागद, हिरवीगार छायाचित्रे, हसरी मुले आणि आलेख अशा थाटात तो आजही दरवर्षी निघतो. आपल्या देशात तर शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना असा अहवाल देणे आता सक्तीचे आहे. तेव्हा ही दुसरी वही मुळात उघडली कोणी, कशामुळे उघडली, आणि तिच्यातला आकडा खोटा ठरला तेव्हा काय झाले, हे पाहणे अगत्याचे आहे. त्यासाठी एक कंपनी आणि एक लहानसा प्रदेश घेऊ. कंपनी शेल, प्रदेश नायजेरियातला ओगोनी.

शिंपल्याची कंपनी

शेल हे नाव आपल्या वडीलधाऱ्यांना परके नव्हते. बर्मा-शेलचे घासलेट या भागातल्या चिमण्या-कंदिलांत कित्येक वर्षे जळत होते. रिकामा झालेला डबा पाणी भरायला आणि पुढे पत्रा कापून छपराला उपयोगी पडे. १९२८ साली स्थापन झालेली ही कंपनी १९७६ साली सरकारने ताब्यात घेतली आणि तिची भारत पेट्रोलियम झाली.

मूळ शेलचा उगम लंडनच्या सॅम्युअल कुटुंबाच्या व्यापारात आहे. पूर्वेकडून शोभेचे शिंपले आणून विकणाऱ्या या कुटुंबातल्या मार्कस सॅम्युअलने १८९२ साली 'म्युरेक्स' नावाचे तेलवाहू जहाज सुएझ कालव्यातून पूर्वेकडे पाठवले. म्युरेक्स हेदेखील एका शंखाचेच नाव. १८९७ साली त्याने शेल ट्रान्सपोर्ट अँड ट्रेडिंग कंपनी काढली आणि १९०७ साली तिची रॉयल डच या कंपनीशी युती झाली. पुढची जवळजवळ शंभर वर्षे एक पाय लंडनमध्ये व एक हेगमध्ये ठेवून हा समूह जगभर पसरला.

१९५६ साली नायजर नदीच्या मुखाजवळच्या प्रदेशात ओलोइबिरी या गावी शेल व ब्रिटिश पेट्रोलियम यांच्या संयुक्त कंपनीला तेल लागले. नायजेरिया तेव्हा ब्रिटिशांची वसाहत होती. १९५८ साली तेलाची निर्यात सुरू झाली आणि त्याच वर्षी ओगोनींच्या मुलखातही तेल सापडले. सुमारे एक हजार चौरस किलोमीटरचा हा मुलूख. अनेक फाट्यांनी आत शिरलेल्या खाड्या, त्यांच्या काठची खारफुटी, आणि वरकस जमिनीत रताळ्यासारखे कंद व कसावा. ज्या कंदापासून आपल्याकडचा साबुदाणा होतो, तोच हा कसावा. लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास. पोर्तुगीजांच्याही आधीपासून खाडीच्या आधाराने जगणाऱ्या गोव्याच्या खाजणकाठच्या माणसाला हे वर्णन ओळखीचे वाटेल.

तेल निघाले, पैसा राजधानीकडे आणि परदेशी गेला. गावांच्या वाट्याला नळ आले, पण ते पाण्याचे नव्हते. शेतांतून आणि घरांच्या मागून जाणारे तेलाचे नळ होते. तेलाबरोबर येणारा वायू साठवणे महाग पडते म्हणून तो जागच्या जागी पेटवून देत. या ज्योती वर्षानुवर्षे रात्रंदिवस जळत राहिल्या. नळ गंजत, फुटत, तेल खाडीत उतरे. यातला कोणताही खर्च कंपनीच्या ताळेबंदात दिसत नव्हता.

भोपाळपासून बोस्टनपर्यंत

दुसऱ्या वहीची कल्पना मात्र नायजेरियात जन्मली नाही. तिच्या मुळाशी आपलेच भोपाळ आहे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. आपल्या शेजारच्या टाक्यांत काय साठवलेले आहे, हे तिथल्या वस्तीला ठाऊक नव्हते. एवढेच नव्हे, तर कोणत्या विषावर उपचार करायचे हे डॉक्टरांनाही सांगितले गेले नव्हते. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९८५ मध्ये, याच कंपनीच्या अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियामधील कारखान्यात गळती झाली. आता प्रश्न अमेरिकन माणसाच्या दारात आला. १९८६ साली अमेरिकन संसदेने कायदा केला, की कारखान्यांनी कोणती विषारी रसायने किती प्रमाणात हवेत, पाण्यात व जमिनीत सोडली याची नोंद दरवर्षी दिली पाहिजे आणि ती नागरिकांना पाहता आली पाहिजे. 'माहीत असण्याचा हक्क' हा शब्दप्रयोग अशा रीतीने कायद्यात आला.

२४ मार्च १९८९ रोजी अलास्काच्या किनाऱ्यावर एक्झॉन व्हाल्डीझ हे जहाज खडकावर आपटले आणि सुमारे चार कोटी लिटर कच्चे तेल समुद्रात गेले. त्याच वर्षी काही गुंतवणूकदार व पर्यावरणवादी संघटना एकत्र येऊन 'सेरेस' नावाची संस्था अमेरिकेत उभी राहिली. कंपन्यांनी दरवर्षी आपल्या पर्यावरणविषयक वर्तनाचा अहवाल द्यावा, ही तिची मागणी होती. बोस्टनच्या याच संस्थेच्या पुढाकाराने १९९७ साली 'ग्लोबल रिपोर्टिंग इनिशिएटिव्ह' सुरू झाले. असे अहवाल कसे लिहावेत, याची नियमावली त्याने २००० साली प्रसिद्ध केली. आज जगातले बहुतेक अहवाल तिच्याच धर्तीवर असतात.

नियमावली लिहिली गेली, पण पहिल्या प्रतीची कंपनी स्वतःहून तो लिहायला का बसली? याचे उत्तर १९९५ या एका वर्षात आहे.

१९९५: दोन धक्के

उत्तर समुद्रात शेलची 'ब्रेंट स्पार' नावाची तेल साठवण्याची तरंगती टाकी होती. साडेचौदा हजार टन वजनाची ही टाकी निकामी झाल्यावर ती अटलांटिकच्या खोल तळाशी बुडवायचे कंपनीने ठरवले. ब्रिटिश सरकारने परवानगीही दिली. ३० एप्रिल १९९५ रोजी ग्रीनपीसचे कार्यकर्ते टाकीवर चढून बसले. जर्मनीत लोकांनी शेलच्या पंपांवर जाणे सोडले. २० जून रोजी कंपनीने माघार घेतली. पुढे या टाकीचे तुकडे नॉर्वेतल्या एका धक्क्याच्या पायात वापरले गेले.

या प्रकरणाची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. टाकीत साडेपाच हजार टन तेल उरले आहे, असे ग्रीनपीसने सांगितले होते. प्रत्यक्षात स्वतंत्र तपासणीत ते शंभर टनांच्या आसपास निघाले. सप्टेंबरमध्येच ग्रीनपीसने आपला आकडा चुकल्याचे मान्य करून जाहीर क्षमा मागितली. चुकीचा आकडा कोणाकडूनही येऊ शकतो. तो दुरुस्त व्हायला किती काळ लागतो, ही गोष्ट पुढच्या हकिकतीसाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

दुसरा धक्का रक्ताचा होता. केन सारो-विवा हा ओगोनी लेखक. 'सोझाबॉय' ही त्याची १९८५ सालची कादंबरी, आणि त्याने लिहिलेली विनोदी दूरदर्शन मालिका नायजेरियात घरोघरी पाहिली जाई. १९९० साली ओगोनी नेत्यांनी आपल्या हक्कांची सनद काढली आणि 'मोसोप' ही चळवळ उभी केली. तेलाच्या उत्पन्नात वाटा मिळावा आणि नासलेली जमीन-पाणी साफ करून द्यावे, अशा त्यांच्या मागण्या होत्या. ४ जानेवारी १९९३ रोजी सुमारे तीन लाख ओगोनी रस्त्यावर आले. पाच लाखांतले तीन लाख. त्याच वर्षी शेलने ओगोनी मुलखातले उत्पादन थांबवले. मात्र इतर ठिकाणचे तेल नेणारी मोठी वाहिनी त्यांच्या गावांतून वाहतच राहिली.

मे १९९४ मध्ये चार ओगोनी पुढाऱ्यांची जमावाने हत्या केली. लष्करशहा सानी अबाचाच्या राजवटीने सारो-विवावर चिथावणीचा आरोप ठेवून त्याला खास न्यायाधिकरणापुढे उभे केले. त्या खटल्याच्या रीतीवर जगभरच्या कायदेपंडितांनी टीका केली. १० नोव्हेंबर १९९५ रोजी सारो-विवा आणि त्याच्या आठ साथीदारांना पोर्ट हारकोर्टच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. त्या वेळी ऑकलंड येथे राष्ट्रकुलाची परिषद भरली होती. तिने नायजेरियाचे सदस्यत्व स्थगित केले. या मृत्यूंत आपला काही हात नव्हता आणि आपण दयेची विनंती केली होती, असे शेलने सांगितले व ते आजवर सांगत आली आहे. साथीदारांच्या कुटुंबीयांनी न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला. तो सुनावणीच्या तोंडावर, जून २००९ मध्ये, १ कोटी ५५ लाख डॉलर देऊन कंपनीने मिटवला. जबाबदारी मात्र मान्य केली नाही.

वही उघडली

१९९७ सालच्या मे महिन्यात लंडनला शेलच्या भागधारकांच्या वार्षिक सभेत एक ठराव आला. काही पेन्शन फंड व चर्चशी संबंधित गुंतवणूकदारांनी तो मांडला होता. पर्यावरण व मानवी हक्कांबाबतच्या कंपनीच्या धोरणांची बाहेरच्या माणसांकडून तपासणी व्हावी, अशी त्याची मागणी होती. संचालकांनी विरोध केल्याने तो पडला. तरी सुमारे दहा टक्के मते त्याच्या बाजूने पडली, आणि शेलसारख्या कंपनीत हे नवलच होते. त्याच वर्षी कंपनीने १९७६ पासून चालत आलेल्या आपल्या 'व्यवसाय तत्त्वां'त मानवी हक्कांना पाठिंबा आणि शाश्वत विकास या दोन गोष्टींची भर घातली.

आणि १९९८ साली 'नफा आणि तत्त्वे' अशा अर्थाच्या शीर्षकाचा पहिला शेल अहवाल निघाला. या दोहोंतून एकाचीच निवड करावी लागते काय, असा प्रश्न शीर्षकातच विचारलेला होता. त्या अहवालाचे श्रेय नाकारण्यात अर्थ नाही. नायजेरिया आणि ब्रेंट स्पार हे दोन्ही नाजूक विषय त्याने टाळले नव्हते. काही आकडे बाहेरच्या लेखापरीक्षकांनी तपासलेले होते. वाचकांनी आपले मत कळवावे म्हणून सोबत छापील पत्रे जोडली होती. जॉन एल्किंग्टन या इंग्रज सल्लागाराने १९९४ साली मांडलेली 'तिहेरी ताळेबंदा'ची कल्पना, म्हणजे पैसा, माणसे व पृथ्वी या तिन्हींचा जमाखर्च, या अहवालांमुळे जगभर पोचली. शेलच्या नायजेरियातल्या उपकंपनीनेही 'माणसे आणि पर्यावरण' अशा नावाचा स्वतंत्र वार्षिक अहवाल काढायला सुरुवात केली. त्यात किती ठिकाणी गळती झाली, किती पिंपे तेल सांडले, त्यातले किती घातपाताने व किती कंपनीच्या दोषाने, हे आकड्यांत दिलेले असे. १९९० पूर्वी यातले काहीच छापले जात नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे या पावलाचे मोल कळते.

इतर कंपन्याही मागे राहिल्या नाहीत. ब्रिटिश पेट्रोलियमने २००० साली आपल्या आद्याक्षरांचा अर्थच बदलून 'पेट्रोलियमच्या पलीकडे' असा प्रचार आरंभला. मार्च २००५ मध्ये तिच्या टेक्सास सिटीच्या शुद्धीकरण कारखान्यात स्फोट होऊन पंधरा कामगार मेले. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या विहिरीच्या फलाटावर अकरा माणसे मेली आणि पुढे ८७ दिवस तेल समुद्रात वाहत राहिले.

दोन खोटे आकडे

आता या इतिहासातला मुख्य भाग. शेलच्या दोन वह्यांत दोन आकडे चुकीचे निघाले. त्या दोहोंचे पुढे काय झाले, हे शेजारी शेजारी ठेवून पाहावे.

पहिला आकडा पहिल्या वहीतला. जानेवारी २००४ मध्ये कंपनीने जाहीर केले, की जमिनीखालचे 'सिद्ध' तेल व वायूचे साठे आपण फुगवून दाखवले होते. एकंदर साठ्याच्या सुमारे वीस टक्के, म्हणजे ३९० कोटी पिंपे, सिद्ध वर्गातून कमी करावी लागली. यातली बरीचशी घट नायजेरियातलीच होती. मार्चच्या आरंभी अध्यक्ष फिलिप वॉट्स यांना पायउतार व्हावे लागले. हेच गृहस्थ १९९१ ते १९९४ या काळात शेलच्या नायजेरियन कंपनीचे प्रमुख होते. ऑगस्टमध्ये अमेरिकन रोखे नियामकाला १२ कोटी डॉलर आणि ब्रिटिश नियामकाला १ कोटी ७० लाख पौंड दंड भरावा लागला. पुढच्याच वर्षी समूहाची जुनी दुहेरी रचना मोडून एकच कंपनी करण्यात आली. फसलेले लोक भागधारक होते. आठ महिन्यांत हिशेब पुरा झाला.

दुसरा आकडा दुसऱ्या वहीतला. ओगोनी मुलखात खाडीच्या काठी बोडो नावाचे गाव आहे. मासे, शिंपले आणि खारफुटीचे सरपण यांवर तिथली चूल पेटे. गावाजवळून जाणारी ट्रान्स-नायजर वाहिनी २००८ साली फुटली. गावकऱ्यांच्या सांगण्यानुसार ती २८ ऑगस्टला फुटली. कंपनीने तारीख धरली ५ ऑक्टोबर. ती बंद झाली ७ नोव्हेंबरला. डिसेंबरमध्ये ती दुसऱ्यांदा फुटली आणि पुढच्या फेब्रुवारीपर्यंत गळत राहिली. दोन्ही वेळा कारण वाहिनीतला दोष हेच होते, चोरी किंवा घातपात नव्हे. हे कंपनीनेही मान्य केले.

अशा प्रसंगी तिथे कंपनी, सरकारी खाते आणि गावचे प्रतिनिधी मिळून जागेवर एक कागद करतात. आपल्या भाषेत तो पंचनामाच. त्यात कारण लिहायचे आणि किती तेल गेले ते लिहायचे. या दोन रकान्यांवर सगळे अवलंबून असते. कारणाच्या रकान्यात 'घातपात' असे लिहिले, तर कायद्याने भरपाई मिळत नाही. आणि आकडा लहान पडला तर भरपाईही लहान. कागद तिघांचा खरा. पण जागेवर जायला होडी कंपनीची, जाणकार कंपनीचा, मोजमापही बहुतांशी कंपनीचे. तलाठ्याच्या पंचनाम्यावर अंगठा उठवून नंतर हळहळणारा शेतकरी ज्यांनी पाहिला आहे, त्यांना यापेक्षा अधिक सांगायला नको.

बोडोच्या पहिल्या पंचनाम्यात आकडा पडला १,६४० पिंपे. एक पिंप म्हणजे १५९ लिटर. तेव्हा सुमारे २ लाख ६० हजार लिटर. हाच आकडा पुढे कंपनी सांगत राहिली. मे २००९ मध्ये मदत म्हणून गावाला तांदूळ, घेवडा, साखर, टोमॅटो आणि भुईमुगाच्या तेलाचे डबे देऊ करण्यात आले. गावाने ते आधी नाकारले.

गळती चालू असताना काढलेले चलच्चित्र होते. ॲम्नेस्टी इंटरनॅशनल आणि पोर्ट हारकोर्टच्या एका स्थानिक संस्थेने ते अमेरिकेतल्या तेलवाहिन्यांच्या जाणकारांना दाखवले. धारेचा जोर पाहून त्यांनी हिशेब केला: दिवसाला किमान १,४४० आणि कमाल ४,३२० पिंपे. गावाने सांगितलेल्या तारखेपासून ७२ दिवस धरले, तर कमीत कमी १,०३,६८० पिंपे. म्हणजे कागदावरच्या आकड्याच्या साठपटीहूनही अधिक. हा हिशेब एप्रिल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. आपला आकडा तिघांनी मिळून ठरवलेला आहे, असे कंपनीचे उत्तर होते.

दरम्यान बोडोच्या लोकांनी २०११ साली लंडनच्या न्यायालयात दावा लावला होता. तिथे प्रतिज्ञेवर कागदपत्रे दाखल करणे भाग होते. नोव्हेंबर २०१४ मध्ये उघड झाले, की आपला मूळ आकडा कमी होता हे कंपनीने त्या कागदपत्रांत मान्य केले आहे. जानेवारी २०१५ मध्ये साडेपाच कोटी पौंडांची तडजोड झाली: साडेतीन कोटी १५,६०० वादींना, म्हणजे माणशी सुमारे २,२०० पौंड, आणि दोन कोटी गावाला. खाडीची साफसफाई सुरू व्हायला २०१७ साल उजाडले.

पहिल्या वहीतला आकडा मान्य झाल्यापासून आठ महिन्यांत दंड भरून झाला आणि अध्यक्षाची खुर्ची गेली. दुसऱ्या वहीतला आकडा मान्य व्हायलाच सहा वर्षे गेली. त्यासाठी कोणाची खुर्ची गेली नाही, आणि 'आकडा चुकीचा दिला' या गुन्ह्याबद्दल दंड झाला नाही. पैसे मिळाले ते तेल सांडल्याबद्दल. दोन्ही वह्या एकाच कंपनीच्या होत्या. फरक वाचकांत होता. पहिल्या वहीच्या वाचकामागे कायदा उभा होता. तोही जन्मापासून नव्हता. अमेरिकेत १९२९ चा शेअर बाजार कोसळून लक्षावधी लोक बुडाले, तेव्हा १९३३ व १९३४ चे कायदे होऊन ताळेबंद सक्तीने व तपासून द्यावा लागू लागला. तोवर पहिली वहीदेखील मालकाच्या मर्जीचीच होती.

अहवाल निरुपयोगी काय?

मग हे सारे अहवाल थोतांड म्हणून टाकून द्यावेत काय? मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारणही ओगोनींच्याच इतिहासात आहे.

२०११ च्या ऑगस्टमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने ओगोनी मुलखाचा अहवाल प्रसिद्ध केला. त्याचा खर्च शेलच्या नायजेरियन कंपनीनेच उचलला होता, म्हणून अनेक ओगोनींना तो आधी संशयास्पद वाटत होता. पण मोजणारे हात वेगळे होते. चौदा महिने पाहणी चालली. दोनशेहून अधिक जागा तपासल्या, पाच हजारांहून अधिक लोकांच्या वैद्यकीय नोंदी पाहिल्या, गावोगावच्या सभांना २३ हजार माणसे आली. निसिसिओकेन ओगाले या गावी लोक ज्या विहिरींचे पाणी पीत होते, त्यात बेंझीन हे कर्करोगकारक द्रव्य जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पटींहून अधिक निघाले. एके ठिकाणी भूजलावर शुद्ध केलेल्या तेलाचा आठ सेंटिमीटरचा थर तरंगत होता. कंपनीने 'साफ केली' म्हणून नोंदवलेल्या काही जागा प्रत्यक्षात साफ नव्हत्या. सगळे मूळपदावर यायला २५ ते ३० वर्षे लागतील आणि पहिल्या पाच वर्षांसाठी १०० कोटी डॉलरचा निधी उभारावा, असे त्याने सुचवले. प्रत्यक्ष सफाईची औपचारिक सुरुवात जून २०१६ मध्ये झाली आणि तिच्या संथपणाबद्दलच्या तक्रारी अजून चालू आहेत.

या अहवालाने दोन गोष्टी शिकवल्या. एक, पैसा कोणाचा याहून मोजणारा कोणाला जबाबदार, हे महत्त्वाचे. दोन, एकदा छापलेले वाक्य परत घेता येत नाही. जानेवारी २०२१ मध्ये हेगच्या अपील न्यायालयाने गोई आणि ओरुमा या गावांतल्या गळतीबद्दल शेलच्या नायजेरियन कंपनीला जबाबदार धरले. हा दावा २००८ पासून चालू होता. पुढे २०२२ साली दीड कोटी युरोंची तडजोड झाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ओगाले व बिले या गावांना लंडनच्या मूळ कंपनीवर दावा चालवायची परवानगी दिली. आपण समूहभर एकच धोरण, एकच देखरेख कशी ठेवतो, हे ज्या कागदांत कंपन्या अभिमानाने लिहितात, तेच कागद अशा दाव्यांत वकिलांच्या हाती येतात. 'ती वेगळी कंपनी, आमचा संबंध नाही' असे म्हणणे मग कठीण जाते. शोभेसाठी लिहिलेले वाक्य साक्षीला उभे राहते.

कंपनीची बाजूही खोटी नाही. नायजर मुखाच्या प्रदेशात तेलाची चोरी अफाट आहे आणि अलीकडच्या वर्षांतल्या बहुतेक गळती वाहिन्या फोडल्याने होतात, असे ती सांगते. चोरी आहे, यात शंका नाही. ती करणाऱ्यांत त्याच गावांची मुले आहेत. परंतु चोरीचा आकडा कोणी मोजला, हाच प्रश्न तिथेही परत उभा राहतो.

आपल्या वहीकडे

आता आपल्याकडे. सेबीने २०१२ साली शंभर मोठ्या कंपन्यांवर अशा अहवालाची सक्ती केली. २०२१ साली त्याचे रूप बदलून 'व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल' केले आणि २०२२-२३ या वर्षापासून तो पहिल्या हजार कंपन्यांना बंधनकारक केला. २०२३ साली त्यातल्या काही मुख्य आकड्यांची बाहेरच्याकडून तपासणी टप्प्याटप्प्याने सक्तीची केली. बर्मा-शेलची वारस भारत पेट्रोलियमही या यादीत येते, आणि मुंबई हायचे तेल काढणारे तेल व नैसर्गिक वायू महामंडळही. युरोपीय संघाने २०२२ साली याहून कडक कायदा केला होता. २०२५ साली उद्योगांच्या तक्रारीनंतर त्याची अंमलबजावणी काही कंपन्यांसाठी पुढे ढकलली. म्हणजे वही सक्तीची होऊ शकते आणि सक्ती सैलही होऊ शकते.

आपल्या सीमाभागात साखर कारखाने आहेत, गोव्यात खाणी आणि बंदरे आहेत, बडोद्याजवळ शुद्धीकरण आणि रसायनांचा पट्टा आहे. मराठी माणूस या सर्व ठिकाणी कामगार आहे, भागधारक आहे आणि नदीच्या खालच्या अंगाला राहणारा शेजारीही आहे. अशा कंपनीचा अहवाल हाती आला, तर छायाचित्रे उलटून थेट आकड्यांच्या पानावर यावे आणि तीन गोष्टी पाहाव्यात. हा आकडा मोजला कोणी? मोजताना ज्यांचे नुकसान झाले त्यांच्यापैकी कोणी हजर होते काय, आणि त्यांच्याकडे स्वतःचे मोजमाप होते काय? आकडा खोटा निघाला तर देणाऱ्याचे काय होते? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर पहिल्या दोघांच्या उत्तरांचा फारसा उपयोग नाही.

मार्च २०२५ मध्ये शेलने नायजेरियातला आपला जमिनीवरचा तेलाचा व्यवसाय तिथल्या कंपन्यांच्या एका समूहाला विकला आणि १९५६ च्या ओलोइबिरीपासूनचा एक अध्याय संपला. त्याच वर्षी १२ जून रोजी नायजेरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी सारो-विवा व त्याच्या आठ साथीदारांना मरणोत्तर माफी आणि राष्ट्रीय सन्मान जाहीर केले. आम्हाला माफी नको, निर्दोष ठरवणारा निकाल हवा, असे अनेक ओगोनींचे म्हणणे आहे. कारण माफी गुन्ह्याची असते. विकलेल्या वाहिन्यांबरोबर जुनी मागील बाकी नव्या मालकाच्या वहीत ओढली जाते, की दोन वह्यांच्या मध्येच कुठे गळून पडते, हे ठरायचे आहे. बोडोच्या खाडीत खारफुटीची नवी रोपे लावण्याचे काम मात्र सुरू झालेले आहे. त्या रोपांतली किती जगली, हे मोजताना गावची माणसे हजर असावीत, एवढीच अपेक्षा.